खोललंच हाय तर…

आपल्याकडे गाडीच्या दुखण्याचं निदान लक्षणांवरून होत नाही, खर्चावरून होतं. सर्वांत स्वस्त आजार कोणता, तो गाडीला आधी होतो. तो नाही निघाला की त्याच्याहून जरा महाग. खरा आजार हाती लागेपर्यंत बाकीच्या सगळ्या आजारांचे उपचार होऊन गेलेले असतात, आणि त्यांचे पैसेही.

कोल्हापुरातल्या आमच्या दाजींच्या मारुती एट हंड्रेडचा तेलाचा दिवा लुकलुकायला लागला, तेव्हा हा सगळा चढता क्रम मला जवळून बघायला मिळाला. गाडी जुनी, दोन लाख किलोमीटरच्या पुढं गेलेली, पंधरा वर्षं उलटल्यावर पर्यावरण कर भरून आरटीओत पुन्हा नोंदवून घेतलेली. तिच्याबद्दल वाकडा शब्द दाजी ऐकून घेत नाहीत. तेलाचा दिवा म्हणजे डॅशबोर्डवरचं ते लाल चित्र. शिवणयंत्रात तेल घालायची कुप्पी आणि तिच्या तोटीतून पडणारा एक थेंब. सकाळी थंड गाडीची चावी फिरवली की तो पेटायचा आणि इंजिन सुरू झालं की मुकाट्यानं विझायचा. पण गाडी तापून दसरा चौकातल्या सिग्नलला उभी राहिली की फडफडायला लागायचा. ॲक्सिलरेटरवर जरा पाय दिला की गप्प. पाय काढला की पुन्हा सुरू. त्यामुळे दाजी सिग्नलला उभे राहायचे ते इंजिन घुमवत, आणि पुढचा मोटरसायकलवाला मागं वळून म्हणायचा, ''काका, हिरवा तर होऊ दे की!''

पहिला सल्ला शेजारून आला. ''सर, बल्ब काढून टाका.'' दाजी हायस्कूलात गणित शिकवायचे, त्यामुळं अर्धी पेठ त्यांना सर म्हणते आणि त्याच आदरानं वाट्टेल तो सल्ला देते. हा सल्ला फुकट असल्यामुळं त्याचा क्रम पहिला. देणाऱ्यानं स्वतःच्या गाडीचा बल्ब कधीच काढलेला होता आणि तेव्हापासून त्याला कसलाही त्रास नव्हता. त्याच्या इंजिनला होता की नाही, हे कळायची सोय त्यानं ठेवली नव्हती.

मग दाजींनी डिपस्टिक ओढून बघितली. तेल बरोबर वरच्या खुणेला. पुसून पुन्हा बुडवली, पुन्हा तिथंच. आता गणिताच्या मास्तरला हे पटणं अवघड. तेल आहे, आणि तेलाचा दिवा पेटतोय. ''उदाहरणात चूक हाय,'' दाजी म्हणाले.

त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या पिढीचं इंजिनच्या तेलाशी नातं जुळलं ते बजाजच्या स्कूटरवर. तिथं तेल पेट्रोल पंपावर टू-टी म्हणून मिळायचं, पेट्रोलमध्ये मिसळायचं, जळून जायचं. तेल आहे म्हणजे पोचलं, नाही म्हणजे स्कूटर जाम. मधली भानगडच नव्हती. चारचाकीत तेल खाली साठतं आणि तिथून वर चढवावं लागतं, आणि तो दिवा तेल किती आहे ते सांगतच नाही. दाब किती आहे ते सांगतो. इंजिनला बसवलेल्या एका छोट्या स्वीचवर तेलाचा दाब पडत असतो, तो पडायचा थांबला की आतला कॉन्टॅक्ट जुळतो आणि दिवा लागतो. खाली टाकीत पाणी काठोकाठ आणि चौथ्या मजल्याच्या नळाला करंगळीएवढी धार, अशी वेळ आली तर कुणी टाकीत आणखी पाणी ओतत नाही, सगळे मोटर बघायला धावतात. मोटारीच्या बाबतीत मात्र आख्खा देश दिवा पेटला की डबा घेऊन तेल ओततो.

आमची आक्का, म्हणजे दाजींची बायको, तर दर शनिवारी ओततेच, पण देवळातल्या मारुतीला. रुईच्या पानांची माळ आणि वरून तेल. गाडीचा दिवा पेटल्याचं ऐकून तिनं त्या शनिवारी वाटीऐवजी लोटी नेली. देवळातल्या मारुतीचं बरं असतं. तेल डोक्यावर ओतायचं, ते आपल्या आपण खांद्यावरून, गदेवरून पायांपर्यंत ओघळतं. पंपाचं काम नाही. मोटारीसुद्धा सुरुवातीला याच मार्गानं चालल्या. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी निघत होती, दीड कोटी गाड्या झाल्या, आणि तिच्या इंजिनला तेलाचा पंपच नव्हता. खाली फिरणारं फ्लायव्हील तेल उडवायचं, ते इकडंतिकडं पडायचं, थोडं नळीतून पुढं ओघळायचं, आणि अमेरिका पुढं जायची. पण इंजिनं जोरात फिरायला लागली तसं उडवाउडवीवर भागेना. बेरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये केसाहूनही पातळ तेलाचा थर दाबानं भरत राहावा लागतो. तो थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही. थर गेला की इंजिनाचं काम निघतं, आणि 'काम निघालं' हे दोन शब्द मेस्त्रीच्या तोंडून ऐकताना माणसाचा हात आपोआप खिशावर जातो.

तर दाजींनी क्रमानं बघितलं, बल्ब, वायर, स्वीच. स्वीच नवा बसवला. दिवा आधीपेक्षा जास्त उजळ पेटायला लागला. पुढची पायरी जाड ऑइल. ट्वेंटी डब्ल्यू फॉर्टीऐवजी ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी घातलं. हे औषध खरंच लागू पडतं, म्हणून तर ते वाईट. तेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या पंपातल्या फटीतून मागं निसटतं. जाड तेल जरा कमी निसटतं, दिवा काही दिवस गप्प बसतो, आणि मालकाला वाटतं आपण इंजिनिअरिंग कॉलेजांच्या नाकावर टिच्चून गाडी बरी केली. मग मे महिना येतो.

मे महिना आल्यावर आम्ही मेस्त्रींकडं गेलो.

मेस्त्रींचं गॅरेज उद्यमनगरच्या अलीकडं. कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री, ओतकाम. एखादा भाग बाजारात मिळत नाही म्हणालात तर तिथली माणसं तुमच्याकडं दयेनं बघतात. मेस्त्री मात्र कमी बोलणारे. त्यांनी बॉनेट उघडलं, भला लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आजूबाजूला जमलेली चारपाच माणसं आपोआप श्वास धरून उभी राहिली. मेस्त्रींनी टोक इकडं हलवलं, तिकडं हलवलं, डोळे मिटले. दाजींना राहवेना. ''काय ऐकू येतंय?''

''तुमी बोलल्याव काय ऐकू येणार?''

मग त्यांनी स्वीच काढून त्या जागी गेज लावलं. ही खरी तपासणी, आणि खरं तर हीच पहिली व्हायला हवी. पण गेज लावलं की आकडा दिसतो, आणि आकडा दिसला की मार्ग खुंटतो, म्हणून आपण ती शेवटी ठेवतो. गॅरेजातला जुना हिशेब असा की हजार फेऱ्यांना दहा पौंड तरी दाब पाहिजे. गाडी तापल्यावर संथ चालीत काटा शून्याच्या अंगावरून जेमतेम उठला आणि पुन्हा कलंडला.

''पंप,'' मेस्त्री म्हणाले. मग थोडं थांबून, ''न्हाईतर बेरिंग.'' आणखी थांबून, ''खोलल्याबिगर काय कळायचं न्हाई.''

हेही खरं होतं. दाब कमी दिसतो तो पंप कमी ढकलतो म्हणून, किंवा पुढं बेरिंग झिजून तेलाला निसटायला मोठी वाट मिळते म्हणून. तळाची जाळी गाळानं भरली असली तरी हेच दिसतं. बाहेरून तिघांचा चेहरा एकच.

ॲम्बेसेडर असती तर गोष्ट सोपी होती, असं मेस्त्रींचं म्हणणं. तिचा पंप खालच्या तेलाच्या चेंबरच्या आत, खालनं चेंबर उतरवला की पंप समोर. ही नवी गाडी आली आणि सगळा घोळ झाला. 'नवी' म्हणजे १९८३ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींनी जिच्या पहिल्या मालकाला चावी दिली आणि २०१४ च्या जानेवारीत जिचं उत्पादन बंद झालं, ती. मेस्त्रींच्या लेखी ती अजून रुळायची आहे. हिचा पंप क्रँकशाफ्टच्या अगदी टोकावर बसवलेला, टायमिंग बेल्टच्या मागं. म्हणजे तळहाताएवढ्या त्या वस्तूपर्यंत जायचं तर अल्टरनेटरचा पट्टा काढा, क्रँकची पुली काढा, कव्हर काढा, टायमिंग बेल्ट काढा, त्याचं दात्यांचं चाक काढा, मग गाडीखाली झोपून चेंबर काढा, जाळी काढा, आणि मग पंपाचं दर्शन. बाजूचा पत्रा आणि इंजिन यांच्यामधल्या जागेत हात शिरतो, पण पाना घेतलेला हात शिरत नाही. पुलीचा बोल्ट तर हलायलाच तयार नव्हता. पान्याला हातभर पाइप लावला, पाइपावर गॅरेजातलं पोरगं लोंबकळलं, गाडी हलली, बोल्ट तसाच. शेवटी तो सुटला तेव्हा कडाड् आवाज झाला आणि दाजी जागच्या जागी अंग चोरून उभे राहिले.

पंप निघाला. मेस्त्रींनी तो रॉकेलमध्ये धुतला, मागची पट्टी उघडली आणि दाजींच्या हातात दिला. आत दोन रोटर, एकात एक. आतल्याला बाहेरच्यापेक्षा एक उंचवटा कमी. दोघं एकमेकांत फिरतात आणि मधल्या खोबणी आळीपाळीनं मोठ्या-लहान होतात. मोठी होताना तेल ओढून घेते, लहान होताना ढकलून देते. एवढाच सगळा पराक्रम. ना वायर, ना सेन्सर. दाजी रोटर बोटानं फिरवत बराच वेळ तिथंच उभे राहिले. वक्र रेषा बघितली की त्यांचं सगळं लक्ष तिकडं जातं. मेस्त्रींनी फिलर गेजची पाती काढली, रोटर आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये एक सरकवली. गेली. तिच्याहून जाड सरकवली. तीही गेली. मिलिमीटरच्या काही शतांशांचाच हा मामला, पण तेलाला तेवढी फट हमरस्ता. मग त्यांनी दाजींचं बोट धरलं आणि मागच्या पट्टीवरून नखानं ओरखडा ओढायला लावला. नख अडकलं.

''नख अडाकलं की पंप गेला.''

आता प्रश्न असा की जन्मभर तेलात बुडालेली वस्तू झिजते कशी? गाडीत सगळ्यांना तेल गाळून मिळतं, बेरिंगला, कॅमला, सगळ्यांना. पण तो फिल्टर पंपाच्या पुढं. पंपाच्या आधी फक्त जाळी, ती मोठे खडे तेवढे अडवते. बारीक कचरा, काजळी, धातूचा चुरा, हे सगळं पंपाच्या पोटातून जातं आणि मग फिल्टरपाशी थांबतं. म्हणजे घरादाराला गाळून पाजणारा स्वतः गढूळ पितो. आणि दोन लाख किलोमीटर त्यानं ते प्याल्यावर आपण दिव्याचा बल्ब काढायला निघतो.

इथं खरं तर काम संपलं. जुना पंप काढला, नवा घाला, वाटेत काढलेलं सगळं उलट क्रमानं लावा. पण मराठी माणूस आणि उघडं इंजिन समोरासमोर आले की तिसरी एक शक्ती प्रकट होते. मेस्त्रींनी हात पुसले, इंजिनकडं मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, ''खोललंच हाय तर…''

खोललंच आहे तर टायमिंग बेल्ट बदलू. हे शंभर टक्के बरोबर. बेल्टला परत हात लावायचा तर पुन्हा सगळं उतरवावं लागणार, मजुरी दुप्पट. खोललंच आहे तर बेल्टचा टेन्शनर. बरोबर. क्रँकचं पुढचं ऑइल सील, चार पैशांचं रबर, पण गळलं तर बेल्टवरच तेल. बरोबर. वॉटर पंप तिथंच शेजारी, तोही एवढीच वर्षं फिरलाय. हं. चेंबर खाली आहेच तर बेरिंगची एक टोपी उघडून बघू. बघितली, बेरिंग चांगली निघाली, तरी सगळ्यांचे चेहरे जरा उतरले. मग इंजिनची फाउंडेशनं, कारण इंजिन टेकवलंच आहे. मग क्लच प्लेट, कारण… कारण नीट कुणाला सांगता आलं नाही, पण तोवर मेस्त्री बाजूला राहिले होते आणि गर्दीच बोलत होती. एकानं सीटकडं बोट दाखवलं. ''सर, कवर बी घ्या की नवी.'' एकाला दाराच्या पत्र्याला गंज दिसला. एकजण हॉर्न वाजवून बघून ''आवाज बसलाय'' म्हणाला.

माझं मत विचाराल तर रेषा ऑइल सीलपाशी कुठंतरी ओढावी. ज्या भागाला पोचायला तेच नटबोल्ट पुन्हा सोडावे लागतील, तो भाग घ्यावा. ज्याला लागणार नाहीत, त्याच्याशी या खोलण्याचा काही संबंध नाही. पण ही रेषा उघड्या इंजिनसमोर उभं राहून ओढता येत नाही. पूर्वी सर्जन लोकही दुसऱ्या कशासाठी पोट उघडलं की जाता जाता अपेंडिक्स काढून टाकायचे, तेही चांगलं. जिथं शिकलेल्यांना आवरलं नाही तिथं दाजींचं काय?

महाराष्ट्रात हे तत्त्व न मानणारं एकच क्षेत्र मी बघितलंय, रस्ते खोदण्याचं. रस्ता फोडतात, पाण्याचा पाइप टाकतात, बुजवतात. डांबर वाळायच्या आत ड्रेनेजवाले येऊन फोडतात, बुजवतात. मग केबलवाले. 'खोललंच हाय तर' हे तीन शब्द तिथं एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानावर पडले असते तर आपले निम्मे खड्डे झालेच नसते. हॉर्नचा आवाज बसलाय हे ओळखणारी ती माणसं नेमकी त्या खात्यात कशी नसतात कोण जाणे.

नवा पंप आणायला दुकानात गेलो. दुकानदाराचा पहिला प्रश्न, ''ओरिजिनल का लोकल?'' दाजींनी विचारलं, फरक काय? ''किमतीचा,'' तो म्हणाला, आणि हे इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला की पुढं काही विचारता येईना. मधल्या मधे उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यानं जुना रोटर हातात घेऊन तो स्वतः बनवून द्यायची तयारी दाखवली. दाजी मोहात पडले होते. वक्र रेषा आखायची, कापायची, गणिताचा सगळा जन्म सार्थकी. मेस्त्रींनी दोन शब्दांत विषय मिटवला, ''नवाच आणा.'' आणला, कंपनीचा, खोक्यावरचं सील बघून.

बसवताना मेस्त्रींचं बोलणं वाढलं, पण ते पोरग्याशी. चेंबरच्या कडेला सिलिकॉन लावताना पोरग्यानं नळी अशी काही दाबली की मेस्त्री ओरडले, ''पुरणपोळीवर तूप सोडतोस व्हय रं?'' हौसेनं जास्त लावलेलं सिलिकॉन आवळताना आतल्या बाजूला फुगतं, तुटतं, तेलातून तरंगत जाऊन जाळीला चिकटतं, आणि नव्या पंपाचा घसा पहिल्याच महिन्यात धरतो. पंपात आधी बोटानं तेल सोडून रोटर फिरवून घेतला. कोरडा पंप बसवला तर तो हवाच चावत बसतो, तेल ओढत नाही. शेवटी सगळं आवळून झाल्यावर मेस्त्रींनी कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन पेटणार नाही, नुसतं फिरेल, आणि दाजींना म्हणाले, ''मारा चावी.''

घर्र घर्र घर्र. सगळे खिडक्यांमधून डॅशबोर्डकडं वाकलेले. दिवा पेटलेलाच. घर्र घर्र. पोरगं म्हणालं, ''बॅटरी बसंल.'' घर्र. आणि दिवा विझला. दाजी खाली उतरून आधी मेस्त्रींशी हात मिळवायला गेले, मेस्त्रींचा हात काळा म्हणून मनगटाशी मिळवला.

बिलात पंपाची ओळ शोधून काढावी लागली. वर बेल्ट, खाली क्लच प्लेट, मधे कुठंतरी तो. जुना पंप दाजींनी पिशवीत घालून घरी आणला. बदललेला भाग मागून घेतला नाही तर मेस्त्री फसवतो असा एक सार्वत्रिक समज आहे, आणि मेस्त्रीही तो भाग आपणहून पुढं करतात, त्यामुळं समज टिकून राहतो. आक्कानं पिशवीत डोकावून बघितलं. ''एवढ्यासाठी एवढे पैसे?''

''ह्याचे न्हवंत. बाकीचे,'' दाजी म्हणाले.

रविवारी सकाळी पन्हाळ्याला गेलो, खास इंजिन तापवायला. चढ चढून गाडी वर आली, बुरुजापाशी चहाच्या टपरीसमोर उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. दिवा गप्प. दाजींनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून मला दाखवला. गप्प. समाधानानं ते खाली उतरले आणि नुसतं बघायला म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. टपरीवरचा एक अनोळखी गृहस्थ चहाचा ग्लास घेऊन लगेच उठून आला.

''काय झालंय?''

''काय न्हाई. मस्त हाय.''

त्यानं इंजिनकडं बघितलं, एक घोट घेतला, मान वाकडी केली.

''न्हाई म्हंजे, उघडलंच हाय तर बॅटरीचं पाणी बगून घ्या की.''